लोहाराचा उशीर

१ फेब्रुवारी

वही कोरी आहे, रेघा नाहीत. हिला चष्म्याच्या दुकानात कुणीतरी भेट दिलेली. माझ्यापुढे टाकून म्हणाली, "दिवसभर माझ्या कानाशी कुरकुर करता, ती यात करा." ही म्हणजे माझी बायको. तेव्हा हिच्या आज्ञेवरून कुरकुर सुरू.

कार्यक्रम ठरला. अकरा जूनला लोहाराच्या त्या रेकॉर्डला पन्नास वर्षं होतात. गावातल्या रेकॉर्ड मंडळाने मोठं सभागृह घेतलंय आणि अख्खी रेकॉर्ड, दोन्ही बाजू, नऊच्या नऊ गाणी आम्ही वाजवायची आहेत. आम्ही म्हणजे मेहुणा गिटारवर, गायला घसा, बेसवर मुका, आणि ड्रमवर मी. गायकाला घसा म्हणतात, कारण तो बाराही महिने गळ्याला रुमाल गुंडाळून असतो. मुका मुका नाही. वर्षाकाठी पाच-सहा वाक्यं बोलतो.

लोहार हे त्याचं नाव नव्हे. कॅसेटवर खरं नाव छापलेलं असायचं, पण आमच्या जिभेला ते वळत नसे. सोनाराचे शंभर आणि लोहाराचा एक, त्यातला तो माणूस. बाकीचे ड्रमवाले घामाघूम होऊन काठ्या भिरकावायचे, आणि हा गोरा आडदांड गडी पेन्शनीच्या रांगेत बसल्यासारखा बसून एकच ठोका द्यायचा की तिकडे काळजाला हादरा. तो ऐकून किती जणांनी घरातली पातेली फोडली असतील! मी आईची तीन फोडली.

आणि त्याचा उशीर. दोन मांड्यांच्या मधे जो कडक आवाजाचा ड्रम असतो, तो स्नेअर. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डावा हात त्याच्यावर पडतो. या रेकॉर्डवर लोहाराचा तो ठोका केसभर उशिरा येतो. चुकून नव्हे. बेल वाजल्यावर आतला माणूस पायात चप्पल सरकवून दार उघडायला येतो, तेवढा उशीर. त्यामुळे गाणं ऐटीत चालतं. आधीच्या तीन रेकॉर्डींत हा उशीर नाही. जाणकार म्हणतात, तेव्हा तो पिकला नव्हता.

तीस वर्षं मी हा उशीर आणायचा प्रयत्न करतोय. मुद्दाम थांबलं की मुद्दाम थांबल्यासारखं ऐकू येतं. मी डावखुरा. लिहितो डाव्याने, जेवणाखेरीज सगळं डाव्याने. पण शिकलो त्या दुकानात ड्रम उजव्यांसाठीच मांडलेले होते, म्हणून माझा चांगला हात नेमका स्नेअरवर आला. तरी जमलं नाही. आता चौपन्न पूर्ण झाली. दमलोय. खांदा धरलाय.

मोजायची खोड ड्रमवाल्याची. या पानात एकवीस ओळी बसल्या.

४ फेब्रुवारी

क्लास. खोली पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्री. वाफेच्या इस्त्रीचा फुस्स आवाज तालात येत नाही, आणि मला वीस वर्षं त्याचा त्रास होतो.

चार विद्यार्थी आहेत. तीन येतात-जातात. चौथ्या सिस्टरबाई. वय त्रेसष्ट. मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त झाल्या. पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्हाला ड्रम कशाला?" म्हणाल्या, "सर, ड्यूटीरूममधल्या रेडिओवर लोहार लागायचा. हातात सलाइन असायची म्हणून गप्प बसायचे. आता हात मोकळे झालेत." वेळेला पक्क्या. चुकल्या तर स्वतःलाच "हं, परत" म्हणून दटावतात, पेशंटला म्हणावं तसं.

९ फेब्रुवारी

बसायचं स्टूल बदललं. जुन्याने खांदा दुखत होता. नव्यानेही दुखतो. ही म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, स्टूलच आहे ते, अंगण नाही.

१७ फेब्रुवारी

चपला शिवायला टाकल्या. चांभार म्हणाला, "साहेब, डावी पुढून घासलीय. पाय ओढत चालता काय?" म्हटलं, चालतो कुठे, बसूनच असतो.

मुलीचा फोन. "बाबा, मोठ्याने बोला ना, विहिरीतून बोलल्यासारखं वाटतंय." चार वेळा सांगावं लागलं की माझं बरं चाललंय. चौथ्यांदा मलाच पटेना.

२६ फेब्रुवारी

आलं! आलं! आलं!

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, ते संथ. काही न करता, काही न ठरवता, ठोका मागे बसला. पहिल्या कडव्याला मला वाटलं योगायोग. पण संपेपर्यंत तसाच, केसभर मागे, दरवेळी. गाणं संपलं. घशाने रुमाल सोडला. मेहुणा गिटार खाली ठेवून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाऊजी, काय केलंत? डोळे मिटले तर लोहार बसलाय असं वाटलं!" हा माणूस लग्नात माझ्या वाजवण्याला डबे पडल्यासारखं म्हणाला होता.

मी म्हटलं, काही केलं नाही. तीस वर्षं करत होतो म्हणून येत नव्हतं, करायचं सोडलं आणि आलं. हे वाक्य मला फार आवडलं. क्लासच्या भिंतीवर लावावं म्हणतो.

मुका मात्र "हं" एवढंच म्हणाला. तो नेहमी माझ्या उजवीला उभा असायचा, हल्ली डावीला उभा राहतो. तिथून पंख्याचा वारा येत असेल.

घरी येताना दोन जिने चढलो आणि थकून पायरीवर बसलो, पण इतका सुखाचा थकवा मला कधी आला नव्हता. आईची तीन पातेली आज वसूल झाली.

२ मार्च

सिस्टरबाईंना उशीर शिकवायला घेतला. "कसा आणायचा?" "आणायचा नाही. हात सैल सोडायचा, येतो." त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. एकलव्यासारखं ध्यान लावलंय म्हणून मीही चारदा करून दाखवलं. मग म्हणाल्या, "सर, जरा अंगठा आणि तर्जनी टकटक आपटून दाखवा. भराभर." दाखवलं. "आता उजव्याने." दाखवलं. "मनगट फिरवा बघू." तेही केलं. इतकी बारकाईने पकड समजून घेणारी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नाही.

जाताना वहीत धडा लिहून मागितला. लिहिला. किती तरी वेळ वाचत होत्या. "अक्षर बारीक आहे हो तुमचं." म्हटलं, पूर्वी चांगलं ठसठशीत होतं, हल्ली पेनं नीट येत नाहीत.

या पानात एकोणतीस ओळी बसल्या. वही पुरवून वापरतोय म्हणायची.

१४ मार्च

सकाळी दूध करपलं. मी ओट्याशीच पेपर वाचत उभा होतो. ही आतून धावत आली, "वास नाही आला तुम्हाला? अख्ख्या जिन्यात सुटलाय!" नाही आला. पेपरात काही वाचण्यासारखंही नव्हतं, म्हणजे तीही सबब नाही.

हल्ली कार्यक्रमाला निघताना उजव्या बाहीचं बटण हीच लावते. मी मागायच्या आत लावते. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर माणसं अशी मऊ होतात बहुतेक.

२३ मार्च

आज लाज गेली.

पहिल्या बाजूचं चौथं गाणं, ते पळतं. तीन वेळा सुरू केलं, तीन वेळा मोडलं. डावा हात पोचतच नाही. मी सांगतोय, तो निघतोय, आणि पोचेपर्यंत गाणं पुढे गेलेलं. तिसऱ्यांदा काठी हातातून सुटून घशाच्या पायावर पडली. मेहुणा हसत म्हणाला, "भाऊजी, हे वरातीमागून घोडं झालं!" एरवी मीही हसलो असतो. आज मी त्याला नको ते बोललो. काठ्यांना पॉलिश जास्त आहे, खोलीत उकडतंय, तुझी गिटार धावते, सगळं बोललो. त्याने गिटार पिशवीत घातली. घसा चहा घ्यायला म्हणून गेला तो आलाच नाही.

मुका मागे राहिला. माझ्या झांजा पुसून पिशवीत भरल्या. मग म्हणाला, "मी थांबतो तुझ्यासाठी."

मला वाटलं, घरापर्यंत सोबत करायची म्हणतोय. म्हटलं, जा तू, मी जाईन.

"तसं नाही. गाण्यात. बेस मी मागे ओढून वाजवतो, तुझा हात येईपर्यंत. जानेवारीपासून."

आणि गेला. वर्षाची वाक्यं संपवून गेला.

२५ मार्च

सिस्टरबाईंनी आज काठ्या बाहेर काढल्याच नाहीत. सरळ म्हणाल्या, "सर, तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांना हात दाखवा. मी ओळखीच्यांची वेळ घेते." मी विचारलं, कशावरून? त्यांनी माझ्याच हातचा तो धडा पुढे ठेवला. पहिल्या ओळीतली अक्षरं वाटाण्याएवढी, शेवटच्या ओळीतली मोहरीएवढी. "सर, हा उशीर तुम्ही आणलेला नाही."

मी चिडलो. म्हटलं, इथे मी शिकवतो, वॉर्ड तुमचा संपला. उद्यापासून येऊ नका. त्या शांतपणे उठल्या, काठ्या रुमालात गुंडाळल्या आणि जाताना दार हळू लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी हिला सांगितलं की बाईंना काढून टाकलं. ही भाजी चिरत होती, चिरतच राहिली. "त्यांनी मला तीन आठवड्यांपूर्वीच फोन केला होता. मीच म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे. तुमचा चेहरा किती फुलला होता हो त्या दिवशी. मला सांगवेना." मग सुरी ठेवली आणि रडली.

मला राग येतोय. कुणाचा ते ठरत नाही.

६ एप्रिल

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या मुलीएवढे. चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं आपटायला लावली, सगळं सिस्टरबाईंसारखंच. मग म्हणाले, काहीतरी लिहा. मी लिहिलं, 'लोहार नेहमी उशिरा येतो.' 'येतो'पर्यंत मुंगी झाली होती.

पार्किन्सन्स. एकदा लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही, ही वही लोहाराची आहे. मेंदूत काहीतरी कमी पडतं, म्हणून हुकूम सुटतो पण हात रेंगाळतो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी हात मोकळा होतो. दिवसातून तीन. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं चांगली जातील, वाजवणं तर सोडूच नका.

मी विचारलं, "गोळ्यांनी हा उशीर जाईल?"

"नक्की जाईल," ते आनंदाने म्हणाले.

७ एप्रिल

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझं कर्म बाटलीत भरून आलंय, पांढऱ्या गोल गोळ्या. तीस वर्षं दाराशी बसलो, आता कुठे दार उघडलं, आणि हे म्हणतात लावून घ्या.

ठरवलंय. अकरा जूनपर्यंत घ्यायच्या नाहीत. आजार काही कुठे पळून जात नाही. संथ गाणी पाच आहेत, ती अशी वाजवीन की मंडळातले म्हातारे उभे राहतील. पळत्या चारांचं बघू. हिला सांगितलं, घेतोय. बाटली मोठ्या ड्रमच्या पोटात ठेवली, आवाज घुमू नये म्हणून आत घोंगडी कोंबलेली असते तिच्या घडीत. तिथे कुणी हात घालत नाही.

चौतीस ओळी.

१९ एप्रिल

सिस्टरबाईंची माफी मागायला गेलो. बोलायचं पाठ केलं होतं, पण दार उघडताच त्याच म्हणाल्या, "या. गोळ्या सुरू केल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

विषय बदलायला मी म्हटलं, रेकॉर्ड मंडळात आज लोहाराची जुनी फिल्म दाखवणार आहेत, येता का? गेलो दोघं. आठ-दहा म्हातारे आणि लोखंडी खुर्च्या. ही मुलाखत मी तरुणपणी वीसदा पाहिलीय. रेकॉर्ड निघाली त्याच वर्षीची. पुढच्या वर्षी 'थकलो' एवढं म्हणून त्याने ड्रम कायमचे ठेवून दिले, वय अवघं चाळीस. लोहार कोचावर बसून हसतोय, सिगारेट उजव्या हातात. एकेकाळी मी त्याच्यासारखी सिगारेट धरायला शिकलो होतो.

आज मी दुसरा हात बघितला. डावा. मांडीखाली दाबलेला. मुलाखत वीस मिनिटांची, एकदाही बाहेर काढला नाही. चहा आला, कप उजव्याने घेतला, सिगारेट ओठात धरून. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी खाली बघितलं. माझाही डावा हात मांडीखाली होता. केव्हापासून बसतोय असा, आठवत नाही.

बाहेर आल्यावर विचारलं, "सिस्टर, त्यालाही?"

त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. आणि तो पेशंट माझ्या वॉर्डात नव्हता."

२० एप्रिल

पहिल्या तीन रेकॉर्डींत उशीर नाही. पिकला नव्हता म्हणे.

खरं काय ते कुणाला कळणार? तो जाऊन बावीस वर्षं झाली. हात अवघडला असेल, नुसती सवय असेल. पण तसं असलं तर? जगभरच्या खोल्यांतून हजारो पोरं दारं लावून एका माणसाचं दुखणं घोटत बसली. कुणी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. मी पोटाला चिमटा घेऊन दोन वर्षं परगावच्या उस्तादाकडे फक्त तेवढ्यासाठी गेलो, आणि त्यालाही ते येत नव्हतं, कारण तो धडधाकट होता.

एकटाच हसत बसलो. हिने येऊन बघितलं आणि दिवा लावून गेली.

मला लोहाराचा राग यायला हवा होता. येत नाही. त्याला रोज त्या स्टूलवर बसताना काय वाटत असेल, एवढंच डोक्यात येतं. लोक वाहवा म्हणतात, आणि आपल्याला माहीत आहे की हात येत नाहीये.

२ मे

सभागृहात पहिली तालीम. मेहुण्याने सामान गाडीतून आणलं. पहिलंच गाणं सुरू केलं आणि मोठ्या ड्रममधून खुळखुळ. प्रत्येक ठोक्याला खुळ्‌, खुळ्‌. घसा म्हणाला, स्क्रू निघालाय. मी म्हटलं, असू दे, चालवून घेऊ. माझ्या तोंडून 'चालवून घेऊ' ऐकल्यावरच सगळ्यांना संशय आला असणार, कारण एक स्क्रू ढिला असला तर मी तालीम थांबवणारा माणूस. मेहुण्याने ड्रमचं पुढचं पान सोडलं, घोंगडी ओढली आणि बाटली घरंगळत मंचाच्या मधोमध आली. प्रवासात घडी सुटली होती.

जगातला कुठलाही शहाणा माणूस खुळखुळणारी वस्तू ढोलात लपवणार नाही. ती अक्कल ड्रमवाल्यालाच.

मेहुण्याने लेबल वाचलं. सील फोडलेलं नव्हतं. सभागृह आठशे खुर्च्यांचं आहे, सगळ्या रिकाम्या, तरी मला कुठे बघावं कळेना. मी सगळं सांगून टाकलं. संथ गाणी, तीस वर्षं, उशीर. घसा म्हणाला, "मग पळती चार गाळू या ना, लोकांना काय कळतंय?" मुक्याने बेस खांद्यावरून उतरवला.

"अर्धी रेकॉर्ड," तो म्हणाला. "अर्धा माणूस. मी नाही वाजवणार."

३ मे

मेहुण्याने बहिणीला सांगितलंच. ही ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली. समोर बसली, बाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मी तुमच्याशी लग्न केलं तेव्हा तुम्ही डबे पाडल्यासारखं वाजवायचात. माझा भाऊ म्हणालाच होता. मला आवडायचं ते. लोहार तुम्हाला हवा होता, मला नव्हता. मला बटण स्वतः लावणारा माणूस हवाय, जमेल तितकी वर्षं."

मी म्हटलं, आणि उशीर गेला तर?

"जाऊ दे ना. तुम्ही तर राहाल."

घेतली. कडू नाही, काही नाही. खडूसारखी लागली.

२० मे

बटण लावलं. स्वतः. दोनदा काढून परत लावलं. ही आरशात बघत होती, नाही बघितल्यासारखं करून.

पळतं गाणं पहिल्या फटक्यात पार पडलं. घशाने टाळ्या वाजवल्या. संथ गाणं घेतलं. ठोका जागच्या जागी. घड्याळासारखा. मी मुद्दाम थांबून बघितलं, तर मुद्दाम थांबल्यासारखं ऐकू आलं.

गेला. घरी येऊन न जेवता पडून राहिलो. कुणी मेल्यासारखं वाटतंय आणि सांगायची सोय नाही. सगळे पेढे मागतायत.

१२ जून

काल झालं. नऊच्या नऊ गाणी. सभागृह भरलं होतं. सिस्टरबाई दुसऱ्या रांगेत होत्या, हिच्या शेजारी. दोघी कधीपासून मैत्रिणी झाल्या मला माहीत नाही.

पळती चार सुसाट गेली. माझ्या हाताने मला दगा दिला नाही, याचंच मला इतकं भरून आलं की तिसऱ्या गाण्याला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मग ते संथ. अख्खं सभागृह ज्यासाठी आलं होतं ते. पहिल्या कडव्याला मी लोहाराची नक्कल केली, उशीर ओढूनताणून आणला. चोरीचा माल घेऊन बसल्यासारखं वाटलं. मग डावीकडे बघितलं. मुका माझ्या हाताकडे बघत नव्हता. डोळे मिटून उभा होता. मी सोडून दिलं आणि हात जसा पडत होता तसा पडू दिला, वेळेवर.

टाळ्या भरपूर पडल्या. मंडळाचे जुने सेक्रेटरी आत येऊन म्हणाले, "उत्तम झालं. फक्त तो उशीर तेवढा नव्हता हो." म्हटलं, नव्हता. ते गेल्यावर स्टूलवर बसून राहिलो, उठवेना. आता काय, असं वाटत होतं. पुढच्या वर्षी हा हात कसा असेल कुणास ठाऊक. गोळ्या वाढत जातील, डॉक्टर म्हणालेच आहेत.

मुका बेस पिशवीत घालत होता. चेन लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"आज थांबावं लागलं नाही."

१७ जून

क्लास. बाकीचे तिघं आले नाहीत, सिस्टरबाई आल्या. खाली इस्त्री चालू. मी खुर्चीवर बसलो, त्यांना म्हटलं, ते संथ गाणं घ्या, साधं, वेळेवर.

त्यांनी सुरू केलं. आठ मात्रा गेल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. ठोका मागे होता. केसभर. दुसऱ्यालाही, चौथ्यालाही. मुद्दाम थांबल्याची खूण कुठे नाही. तीस वर्षं घासून मला जे आलं नाही, ते या बाईंच्या त्रेसष्ट वर्षांच्या धडधाकट हातात बसलं होतं.

मी हात वर करून थांबवलं. "सिस्टर, उशीर होतोय."

"माहीत आहे. घरी पण होतो. जात नाही आता."

"लोहाराचा आहे तो."

"नाही सर," काठ्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "लोहार मी रेडिओवर ऐकला. समोर बसून बघितला तो तुमचा हात. हा तुमचा आहे, मार्चमधला."

एवढं वेळेवर वागणारी बाई, तिच्या हातात मी माझं दुखणं ठेवून गेलो होतो, आणि तिने ते सगळं ओळखून, नाव-गाव माहीत असून जपून ठेवलं होतं. मला रडू आलं. लपवलं नाही. त्यांनीही वॉर्डातल्यासारखं दुसरीकडे बघितलं, होऊ दिलं.

मग मी म्हटलं, "चौथा जरा घाईत येतो अजून. दुसऱ्याइतकाच मागे हवा. हं, परत."

त्यांनी काठ्या उचलल्या. मी मांडीखालचा डावा हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर मात्रा मोजायला लागलो.